दळण चार दिवसांचं

भुईमुगाची शेंग वाळली की नाही, हे शेतकऱ्याच्या घरातलं सात वर्षांचं पोरगंही सांगतं. शेंग कानाशी धरायची आणि हलवायची. दाणा खुळखुळला तर वाळली, मुका राहिला तर अजून दोन उन्हं हवीत. मग एक शेंग फोडून दाणा दाताखाली धरायचा. कट्कन मोडला तर ठीक, नुसता चेपला तर नाही. ही परीक्षा कुणी मुद्दाम शिकवत नाही. खळ्यावर बसून शेंगा खाता खाता ती अंगात मुरते. पुढं हेच पोरगं शहरातल्या नोकरीला कंटाळतं, पस्तिशी-चाळिशीत ‘घरच्यासारखं अन्न लोकांना द्यायचं’ म्हणून लाकडी घाणा टाकतं किंवा गुळाचं दुकान काढतं. तेव्हा कर्ज वगळता त्याच्याजवळचं भांडवल बहुतेक हेच असतं. कान, दात आणि नाक.

हे भांडवल खोटं नाही. पण ते कुठवर पुरतं, हे आधी मोजायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं. घाण्याचं तेल, रसायनविरहित गूळ, हातसडीचा तांदूळ, खपली गहू, जात्यावरची पिठं विकणारी दुकानं आता तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यातली जी बंद पडतात, त्यांच्या मालकांत लबाड कमी आणि भाबडे जास्त असतात. लबाडाला निदान आपण काय विकतो आहोत हे ठाऊक असतं.

सुपापासून सुरुवात करू, कारण लहानपणानं दिलेलं सगळ्यात पक्कं शिक्षण तिथं आहे. बाहेरच्या माणसाला सुपावरचं काम एकच वाटतं. घरात वाढलेल्याला त्यात तीन वेगळी कामं दिसतात. पाखडताना सूप वर-खाली उडवायचं, म्हणजे फोलपट आणि कोंडा पुढं उडून जातो. घोळताना ते आडवं गोल फिरवायचं, म्हणजे खडे आणि जड दाणे एका कडेला जमतात. आणि वेचताना सूप मांडीवर स्थिर ठेवून, दाणे बोटांनी पसरून, किडका, काळा, सुरकुतलेला दाणा उचलायचा. त्याच्या आधी खळ्यावर वावडीवर उभं राहून वाऱ्याच्या तोंडी केलेली उफणणी असतेच. कारखान्यातली यंत्रंही हेच करतात. वाऱ्याच्या झोतानं हलकं उडवणारं एक, तिरप्या हलत्या जाळीवर खडा वेगळा काढणारं दुसरं. ज्यानं सूप हाताळलं आहे त्याला ते यंत्र लावणं चटकन जमतं. झोत जास्त झाला की चांगला दाणाही भुशाबरोबर जातो, जाळीचा तिरपेपणा कमी पडला की खडे धान्यातच राहतात, हे त्याला कागदावर वाचावं लागत नाही. तिसऱ्या कामाला, म्हणजे वेचण्याला, महागडी रंग ओळखणारी यंत्रं सोडली तर अजूनही माणसाच्या बोटांना पर्याय नाही. आणि छोटा धंदा नेमकी याच कामाची मजुरी वाचवायला बघतो.

ती का वाचवू नये, हे भुईमुगावरून कळतं. काढणीच्या वेळी शेंगेत ३५ ते ४० टक्के ओलावा असतो. तो ८-९ टक्क्यांवर आला की शेंग साठवायला योग्य होते. वेल उपटून शेंगा वर आणि पाला खाली असे उलटे मांडले तर दोन-तीन दिवसांत बराच ओलावा जातो. मग शेंगा तोडून पातळ पसरायच्या, दिवसातून दोन-तीनदा हलवायच्या, संध्याकाळी गोळा करून झाकायच्या. रात्रीच्या दवानं दिवसभराचं ऊन वाया जातं. खुळखुळण्याची परीक्षा ओली शेंग आणि वाळलेली शेंग यांतला फरक सांगते. ८ टक्के आणि ११ टक्के यांतला फरक ती सांगू शकत नाही. त्या तीन टक्क्यांत अ‍ॅस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी वाढते, आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत शोध गेला आणि हे विष जगाला माहीत झालं. त्याला वास नाही, चव नाही. स्वयंपाकाच्या आचेनं ते पुरतं जात नाही. शिवाय बुरशी नेहमी गोदामातच लागते असंही नाही. काढणीआधीच्या शेवटच्या आठवड्यांत पावसानं ताण दिला, जमीन तापली, शेंगेला भेग पडली किंवा किडीनं ती पोखरली, तर ती शेतातच आत शिरते.

मोठ्या कारखान्यातलं तेल अल्कली आणि शोषक मातीच्या प्रक्रियेतून जातं, त्यात हे विष जवळजवळ निघून जातं. घाण्याच्या तेलावर अशी कुठलीच प्रक्रिया होत नाही. विषाचा मोठा वाटा पेंडीत राहतो, थोडा तेलाबरोबर येतो. ‘आम्ही काहीच प्रक्रिया करत नाही’ हे वाक्य पाटीवर शोभतं, पण त्याचा अर्थ एवढाच होतो की वाईट दाणा पकडायची शेवटची जागा म्हणजे निवडायला बसलेली बाई. एका पोत्यातलं बहुतेक विष मोजक्या दाण्यांत असतं. काळा, सुरकुतलेला, साल निघालेला, फुटका, हिरवट बुरशीचा दाणा काढून टाकला तर धोका खूप खाली येतो. काढलेला दाणा गाईपुढं टाकायचा नाही. गाय तो पचवते, विषाचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. जाळून टाकायचा. इथं शेतकरी घराण्याची सवय आड येते, कारण आपल्याकडं टाकाऊ धान्य म्हणजे जनावराचं, हे ठरलेलंच आहे.

आता प्रत्यक्ष घाणा. शंभर किलो शेंगांतून साधारण सत्तर किलो दाणे निघतात. दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं आणि घाण्यावर वजनाच्या ३८ ते ४१ टक्क्यांपर्यंत हाती येतं. उरलेलं पेंडीत राहतं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. गाळ आणि सांडलवंड धरून अडीच किलो दाण्यांना एक लिटर, हा हिशोब डोक्यात ठेवला तर फसगत होत नाही. कुणी पावणेदोन किलोत लिटर निघतं असं सांगत असेल तर तो एक तर घाण्यावर काढत नाही किंवा दुसरं काही मिसळतो.

बिघडतं कुठं, ते पाण्यावर ठरतं. दाणा फार कोरडा असेल तर घाण्यात त्याचा नुसता भुगा होतो. लाट, म्हणजे घाण्यातलं जाड लाकडी मुसळ, फिरत राहते, भुगा कडेनं वर चढतो, पण बांधला जात नाही आणि तेल सुटत नाही. अशा वेळी पाण्याचा हबका मारावा लागतो, तोही बेतानं. जास्त झालं की आत चिकट लगदा होतो, तेल गढूळ येतं आणि तेच तेल पुढं कढईत फेसाळतं. ‘तुमच्या तेलाला फेस येतो’ ही घाणेवाल्याकडं हमखास येणारी तक्रार. बहुतेक वेळा तिचं कारण भेसळ नसून राहिलेला ओलावा किंवा गाळ असतो. त्यावर घाईघाईनं कापड बदलून उपयोग होत नाही. तेल स्टीलच्या उंच टाकीत तीन-चार दिवस निवांत बसू द्यायचं, तोटी तळापासून चार बोटं वर हवी, वरचं नितळ तेल काढून मगच कापडातून गाळायचं. खालचा गाळ पुन्हा पुढच्या घाणीत, म्हणजे घाण्यात एका वेळी घातलेल्या दाण्यांत, टाकता येतो, पण त्याच दिवशी. दोन दिवस ठेवलेला गाळ आंबतो आणि आपला वास सगळ्या घाणीला देतो.

लाकडाबद्दल लोक भक्तिभावानं बोलतात, म्हणून थोडं कोरडेपणानं सांगायला हवं. घाण्याचा फायदा त्याच्या संथपणात आहे. मिनिटाला पंधराएक फेरे, त्यामुळं घाणी ४०-५० अंशांच्या आसपास राहते. लोखंडी मळसूत्राच्या मोठ्या यंत्रात बी आधीच तापवतात आणि दाबानं ते आणखी तापतं. लाकडाचा तोटा असा की ते तेल पितं. रोज चालणाऱ्या घाण्यात हे बिनसत नाही. घाणा दोन-तीन आठवडे बंद राहिला तर लाकडात मुरलेलं तेल खवट होतं आणि पहिल्या घाणीला तोच वास येतो. बंद घाणा सुरू करताना आतून खरवडायचा, थोडी पेंड घालून फिरवायची, ती फेकून द्यायची, आणि पहिली घाणी विकायची नाही. सणासुदीपुरता घाणा चालवणारे हे टाळतात. मग ‘घाण्याचं तेल लवकर वास मारतं’ अशी समजूत पसरते. लहानपणी गावातला घाणा बैलावर रोज फिरत असे, त्यामुळं हा प्रश्नच कुणाच्या कानावर आला नव्हता.

करडईचं आणखी वेगळं. सोलापूर-मराठवाड्याच्या जेवणातलं हे मूळ तेल, पण बियाच्या वजनातला मोठा भाग जाड टरफलाचा असतो. टरफलासकट घातलं तर ते तेल शोषून बसतं, आधी फोडून पाखडलं तर वजन घटतं. कसंही केलं तरी लिटरला भुईमुगापेक्षा जास्त बी लागतं. आणि या तेलात लिनोलिक आम्ल पाऊण हिश्श्याच्या आसपास असल्यामुळं ते हवेशी आणि उजेडाशी लवकर बिघडतं. भुईमुगाच्या तेलासारखं पारदर्शक बाटलीत उन्हाच्या खिडकीत ठेवलं तर महिन्याभरात खवट. करडईचं तेल गडद बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, थोडं थोडं काढावं. बाटली धुतल्यावर आतून खडखडीत वाळली नसेल तर कुठलंच तेल टिकत नाही, हे इतकं साधं आहे की ते हटकून चुकतं.

गुळाकडं वळलं की लहानपणाचं शिक्षण वेगळ्या रूपात समोर येतं. गुऱ्हाळावर मुलं जातात ती गरम काकवीसाठी, पण बघतात गुळव्याला. रस काहिलीत पडला की तो तापायला लागतो, वर काळसर मळी येते. चुन्याची निवळी घालून रसाचा आंबटपणा मोडतात, रानभेंडीच्या देठांचा चिकट रस घालून मळी बांधतात आणि झाऱ्यानं काढतात. मळी निघण्याआधी रस उकळला तर ती आत फिरून मिसळते आणि गूळ काळपट, खारट-कडसर होतो. चुलवाणात चिपाडं टाकणारा आणि काहिलीजवळचा गुळव्या यांचं डोळ्यांनी बोलणं चालतं ते याचसाठी. पाक १०५-१०६ अंशांवर आला की ती काकवी. ११८ च्या आसपास पोचला की ढेपेचा गूळ. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करतो आणि ती काहिलीच्या कडेवर किंवा भांड्यावर आपटतो. टण्ण आवाज आला की काहील उतरवायची. मागं एक-दोन अंश राहिले तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, पुढं गेले तर करपट वास येतो.

इथं पुष्कळांना वाटतं की ‘केमिकल घातलं नाही’ एवढ्यावर गूळ चांगला होतो. रसायन कशासाठी घालतात ते आधी बघावं. हायड्रॉस, म्हणजे गंधक असलेली रंग उजळणारी पावडर, घातली की गूळ पिवळाधमक होतो, कारण बाजारात पिवळ्या ढेपेला भाव मिळतो. गुळातल्या गंधकाच्या अंशाला म्हणजे सल्फर डायऑक्साइडला दर दशलक्ष भागांत ७० अशी मर्यादा आहे. ती पाळली जाते का हे डोळ्यांना दिसत नाही, आणि विशेष म्हणजे हायड्रॉसचा पिवळा रंग काही महिन्यांत उतरून ढेप पुन्हा काळवंडते. पण हायड्रॉस काढून टाकली म्हणून वाईट उसाचा गूळ चांगला होत नाही. तोडल्यावर दोन दिवस फडात पडलेल्या उसात साखर फुटते. लोळलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, कोवळ्या किंवा फार जून झालेल्या उसाचंही तेच. अशा रसातली फुटलेली साखर हवेतलं पाणी ओढते, ढेप घट्ट बसत नाही. चोपण, खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ चवीलाच खारट लागतो. रसायनं न घालणाऱ्यानं ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळायला हवा आणि तो कुठल्या रानातला आहे हे त्याला ठाऊक हवं. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ मिळतो. यापेक्षा जास्त उताऱ्याची बढाई कुणी मारत असेल तर काहिलीत उसाच्या रसाशिवाय साखरही पडते आहे का, हे विचारावं. हा प्रश्न गावात उघड विचारला तर भांडण होतं, पण विचारल्याशिवाय माल उचलू नये.

कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून बाहेर विकणाऱ्याला ते नाव लावण्याचा मोह होतो. नाव लावायचं तर माल तिथलाच हवा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

गुळाची ढेप गरम असताना प्लॅस्टिकमध्ये बांधली तर आतून घाम येतो आणि आठवड्यात बुरशी दिसते. पुरती थंड होऊ द्यायची, एक रात्र तरी. गुळाची भुकटी करणाऱ्यांचा तोच अनुभव दुप्पट, कारण भुकटीचा पृष्ठभाग मोठा असतो आणि ती हवेतलं पाणी पटापट ओढून दगड होते. भुकटीतला ओलावा दोनेक टक्क्यांवर आणल्याशिवाय ती पाकिटात जाऊ नये. पावसाळ्याच्या तोंडावर भुकटीचं नवं काम काढणं म्हणजे मुद्दाम नुकसान विकत घेणं.

आणि आता बाजरी. या सगळ्या लेखाचा काटा जिथं रुतलेला आहे ती जागा ही.

बाजरीत पाच टक्क्यांच्या आसपास तेल असतं, धान्यांत हे बरंच झालं, आणि तिचा अंकुराचा भागही दाण्याच्या मानानं मोठा. दाणा अखंड असतो तोवर तेल एकीकडं आणि ते फोडणारं विकर (एन्झाइम) दुसरीकडं, अशी दोघांची ताटातूट असते. दळलं की ते एकत्र येतात. आठवडाभरात पीठ कडसर लागायला लागतं, उन्हाळ्यात त्याहूनही आधी. ज्वारीचं पीठ इतकं लवकर कडू होत नाही, पण ते विरी जातं. थापताना भाकरी कडेनं चिरते, उलटताना मोडते. नाचणीत तेल फार कमी, म्हणून तिचं पीठ त्या मानानं बरंच टिकतं. गावातल्या घरात हे कुणी सांगत नव्हतं, कारण सांगायची गरज नव्हती. दळण चार दिवसांचं असे, फार तर आठवड्याचं. डोक्यावर पायली-दीड पायली घेऊन गिरणीवर जायचं, गरम पीठ घेऊन यायचं, ते परातीत पसरून गार करायचं आणि मगच डब्यात भरायचं. गरम पीठ डब्यात कोंबलं तर झाकणाला पाणी सुटतं. मुलांच्या लेखी ही नावडती खेप होती. त्या खेपेतच भाकरीची चव सांभाळली जात होती.

शहरातल्या माणसाला गावची भाकरी आठवते, तेव्हा तो म्हणतो, ‘ती बाजरीच वेगळी होती.’ काही अंशी खरं असेल. पण आज उत्तम बाजरी आणून, उत्तम दगडी जात्यावर दळून, सुंदर कागदी पाकिटात भरून तीन महिन्यांची मुदत छापली, तर ग्राहकाच्या घरी कडू पीठ पोचतं आणि त्याचा विश्वास बसतो की गावची चवच गेली. नैसर्गिक अन्नाच्या धंद्यातल्या बहुतेक फसलेल्या वस्तूंची गोष्ट हीच आहे. हातसडीचा तांदूळ घ्या. कोंड्याचा थर ठेवला म्हणून तो चांगला, आणि त्याच थरातल्या तेलामुळं तो खवटतो. कांडला तेव्हाच घरात शिजत होता, म्हणून तो घरात कधी खवटला नाही. आज आजरा घनसाळ किंवा मुळशीचा आंबेमोहर कमी सडून, म्हणजे कमी कांडून, विकायचा, तर भात म्हणजे साळ साठवायची आणि मागणीप्रमाणे पंधरवड्याला सडायची. साळीला टरफलाचं कवच असतं, ती वर्षभर बसते. सगळा माल एकदम सडून पोती रचणाऱ्याला पावसाळ्यात एकतर खवट तांदूळ मिळतो, नाहीतर सोंडे.

बाजरीच्या पिठाची मुदत वाढवण्याचे उपाय आहेत. दाणे उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, निथळून, पुन्हा खडखडीत वाळवून दळले तर विकर बरंचसं मरतं आणि पीठ काही आठवडे टिकतं. हे करणाऱ्याला वाळवण्याची सोय आणि ओलावा मोजायचं यंत्र हवं, नाहीतर कडूपणाच्या जागी बुरशी येते. काही जण बाजरी हलकी भाजून दळतात. त्यानं भाकरीचं काम बिघडतं, धिरडं किंवा लाडूला ते चालतं. हे उपाय वाईट नाहीत. फक्त ते केले तर पाकिटावर तसं लिहावं.

साठवणीबद्दल लहानपणाची आठवण थोडी तपासूनच घ्यावी. कणगीतल्या धान्यात कडुनिंबाचा पाला, कडधान्याला राख, डाळीला एरंडेल, सोलापूरकडं जमिनीतलं पेव, चैत्र-वैशाखातलं कडक ऊन, हे सगळं खरं आणि त्यामागं कारणंही आहेत. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि तो पाण्यावाचून मरतो. भुंगा अख्ख्या कडधान्यावर अंडी घालतो, म्हणून भरडलेली डाळ जास्त टिकते. पण त्याच घरांत कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीची पुडीही असे, डीडीटी किंवा बीएचसी या कीटकनाशकाची. ती धान्यात मिसळलेली किती तरी घरांनी पाहिली आहे. बीएचसीवर आपल्याकडं १९९७ साली बंदी आली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि १९७२ च्या दुष्काळानंतर ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यातल्या पोरांच्या तोंडी शिवीसारखाही बसला. म्हणजे ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकातलं आहे, त्यांच्या ताटातलं सगळंच देशी आणि बिनविषारी होतं, हे काही खरं नाही. धंद्याच्या माहितीपत्रकात आजीचा फोटो छापताना एवढं तरी लक्षात असावं. देशी वाण टिकलं ते आपोआप नाही, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या बायकांनी बी मडक्यांत जपलं म्हणून.

विषारी गोळ्या न वापरता धान्य विकायचं तर कीड अंड्यासकट येणार, हे धरूनच चालावं. छोट्या प्रमाणावर उपाय थंडीचा. धान्याची पाकिटं उणे १८ अंशांत चार-पाच दिवस ठेवली की अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर थंड दाण्यावर हवेतलं पाणी जमतं. पोत्यांसाठी हवाबंद पिशव्या मिळतात. आतला प्राणवायू धान्य आणि कीडच संपवतात आणि कीड गुदमरते. पिशवीला सुईएवढं भोक पडलं तरी हा सगळा खेळ फुकट, आणि उंदीर ते भोक पाडतोच. पिशवी जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको.

पैशाचा हिशोब हा लहानपणातला सगळ्यात मोठा कोरा कागद. घरात आईची निवडण्याची मजुरी कुणी धरली नाही, खळ्यावरच्या पोराचीही नाही. तोच कोरेपणा धंद्यात येतो. समजा चांगले दाणे १२० रुपये किलोनं मिळाले. निवडीत शंभर किलोला आठ किलो बाद झाले, तर हाती आलेला दाणा सुमारे १३० रुपये किलोनं पडला. लिटरला अडीच किलो म्हणजे ३२५. दीड किलो पेंड ४० रुपयांनी गेली तर ६० परत. राहिले २६५. वीज, निवडणाऱ्या बाईची रोजी, बाटली, झाकण, लेबल मिळून ४० धरले तर ३०५, आणि यात जागेचं भाडं, कर्जाचं व्याज, फुटलेल्या बाटल्या, दुकानदाराचा वाटा अजून आलाच नाही. दुकानदाराला पंचवीस टक्के द्यायचे ठरले तर छापील किंमत चारशेच्या वर जाते. या आकड्यापाशी बरेच जण थबकतात आणि मनातल्या मनात आठ किलो बाद दाण्यांपैकी पाच किलो परत घाणीत टाकतात. बाद दाणे किती निघाले आणि कुठं गेले याची वही ठेवली तर हा मोह निदान कागदावर तरी दिसतो.

परवान्याचं थोडक्यात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, त्याखालचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर लागतो, छोट्यालाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द आणि ‘जैविक भारत’ चिन्ह लावायचं तर प्रमाणीकरण हवं. रासायनिक शेतातून वळताना हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागेसारख्या बहुवर्षायूंना तीन वर्षं संक्रमणाचा काळ मोजतात. शेतकऱ्यांच्या गटांसाठी पीजीएस, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून हमी देण्याची पद्धत, ही स्वस्त वाट आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्दही कुणी कुठंही छापावा असा मोकळा नाही, २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनी त्याला अटी घातल्या आहेत. आणि प्रयोगशाळेचा एक अहवाल वर्षभर चिकटवून ठेवणं हा अहवालाचा अपमान आहे. भुईमुगाच्या प्रत्येक नव्या खरेदीला वेगळा नमुना जायला हवा. नमुना पोत्याच्या तोंडातून मूठभर नाही, दहा पोत्यांच्या वेगवेगळ्या खोलीतून काढून, मिसळून, दळून. विष मोजक्याच दाण्यांत असल्यामुळं एका मुठीत ते सापडेलच असं नसतं.

मग बाजरीच्या पिठाचं काय करायचं? उत्तर जुनंच आहे, गिरणीच्या फेरीचं. मंगळवार संध्याकाळपर्यंत मागणी घ्यायची. बुधवारी सकाळी बाजरी पाखडून-घोळून घ्यायची, दुपारी दळायची. एकाच दमात फार वेळ दळू नये, जातं तापतं आणि पीठही. मध्ये थांबून दगड गार होऊ द्यायचा. पीठ पातळ कापडावर दोन तास पसरायचं, रात्री भरायचं, दळल्याची तारीख हातानं लिहायची आणि मुदत आठवड्याची. गुरुवारी पोचवायचं. मागणी चाळीस किलोची असेल तर दळण बेचाळीस किलोचं, साठ किलोचं नाही. सुरुवातीला ग्राहक कुरकुरतात, ‘एकदम पाच किलो देऊन टाका ना’ म्हणतात. तेव्हा पाच किलो बाजरी द्यावी, पीठ एकच किलो. मार्चनंतर ऊन वाढलं की मुदत चार दिवसांवर आणावी, आणि पुढच्या बुधवारी जे किलो-दोन किलो उरलं असेल ते सवलतीच्या टोपलीत न ठेवता म्हशीच्या आंबोणात घालावं.